आमसभेचा अध्यक्ष ठरतो कसा?

सप्टेंबर १९८१. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेचे छत्तिसावे अधिवेशन सुरू होत होते आणि पहिलेच काम होते नव्या अध्यक्षाच्या निवडीचे. पाळी आशियाची होती. पण आशियाई देशांचे एका नावावर एकमत झालेले नव्हते. इराकचे इस्मत किट्टानी, बांगलादेशचे ख्वाजा मोहम्मद कैसर आणि सिंगापूरचे टॉमी कोह असे तिघे रिंगणात उतरले. पहिल्या फेरीत किट्टानी यांना ६४, कैसर यांना ४६ आणि कोह यांना ४० मते पडली. निम्म्याहून अधिक मते कोणालाच नसल्याने कोह बाद झाले आणि उरलेल्या दोघांसाठी पुन्हा गुप्त मतदान झाले. मतपत्रिका मोजून झाल्या तेव्हा दोघांच्याही नावापुढे ७३ हाच आकडा होता. अखेर मावळते अध्यक्ष, पश्चिम जर्मनीचे रुडिगर फॉन वेखमार यांनी नियमावलीनुसार चिठ्ठी काढली. ती किट्टानी यांच्या नावाची निघाली.

समसमान मते पडली की ‘ईश्वरचिठ्ठी’ काढण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. ग्रामपंचायतींच्या निवडणुकांत तो नेहमीचाच. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीतही एका प्रभागाचा निकाल असाच लागला होता. मात्र ज्या सभेत जगातील जवळपास प्रत्येक सार्वभौम देशाला एक जागा आणि एक मत आहे, तिचा अध्यक्षही कधी याच न्यायाने ठरला होता, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. त्याचे कारणही आहे. ही निवडणूक बहुतेक वेळा निवडणूक म्हणून होतच नाही. सभागृहात हातोडा आपटून नाव जाहीर होते आणि टाळ्या वाजतात. निर्णय त्याआधी कित्येक महिने, बंद दाराआड झालेला असतो.

येथे एक गल्लत प्रथम दूर केली पाहिजे. आमसभेचे अध्यक्ष वेगळे आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस वेगळे. सरचिटणीस हे संघटनेच्या प्रशासनाचे प्रमुख. त्यांचे नाव सुरक्षा परिषद सुचवते आणि तेथे अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन किंवा फ्रान्स यांपैकी कोणीही नकाराधिकार वापरून एखाद्याचा पत्ता कापू शकतो. सुरक्षा परिषदेलाही स्वतःचा अध्यक्ष असतो. पण ते पद सदस्य देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने दर महिन्याला फिरते, त्यात निवड अशी नाहीच. आमसभेचा अध्यक्ष मात्र सनदेच्या एकविसाव्या कलमानुसार आमसभाच निवडते. साधे बहुमत पुरते, मुदत एका अधिवेशनाची म्हणजे एका वर्षाची, आणि येथे नकाराधिकार चालत नाही. अमेरिकेचे मत एक आणि तुवालूचेही एकच.

पहिल्या दिवसापासूनची चुरस

ही निवड पहिल्या दिवसापासूनच राजकीय होती. १० जानेवारी १९४६ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातील मेथडिस्ट सेंट्रल हॉलमध्ये ५१ देशांचे प्रतिनिधी जमले. कोलंबियाचे एदुआर्दो सुलेता आंखेल हंगामी अध्यक्षस्थानी होते. सोव्हिएत प्रतिनिधी आंद्रेई ग्रोमिको यांनी नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री त्रिग्वे ली यांचे नाव पुढे केले. गुप्त मतदान टाळून ली यांची निवड जाहीर करून टाकावी, असा प्रयत्नही झाला. तो सभेने मान्य केला नाही. मतपेटी उघडली तेव्हा बेल्जियमचे पॉल-आंरी स्पाक यांना २८ आणि ली यांना २३ मते मिळाली होती. अवघ्या पाच मतांनी हुकलेले ली पुढे तीन आठवड्यांतच, १ फेब्रुवारीला, संघटनेचे पहिले सरचिटणीस नेमले गेले. पराभूत उमेदवाराला याहून मोठी भरपाई क्वचितच मिळाली असेल.

पहिली काही वर्षे अध्यक्षपद भूखंडांमध्ये फिरत राहिले, पण त्याला ठरीव क्रम नव्हता. सप्टेंबर १९५३ मध्ये भारताच्या विजयालक्ष्मी पंडित आठव्या अधिवेशनाच्या अध्यक्षा झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. त्यांच्यासमोर थायलंडचे राजपुत्र वान वैथयाकॉन उभे होते. कोरियातील युद्धबंदीला जेमतेम दोन महिने झाले होते आणि जग दोन गटांत विभागलेले होते. मॉस्को आणि वॉशिंग्टन या दोन्ही राजधान्यांत राजदूत म्हणून राहिलेल्या पंडित या अशा वेळी दोन्ही बाजूंना परिचित होत्या. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध दुहेरी. त्यांचे पती रणजित सीताराम पंडित हे मराठी कुटुंबातील बॅरिस्टर आणि ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतरकार; आणि १९६२ ते १९६४ या काळात विजयालक्ष्मीबाई महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. पराभूत राजपुत्र वान यांनाही फार थांबावे लागले नाही. १९५६ मध्ये ते याच खुर्चीत बसले.

मतदान टाळण्याच्या कलेचा कळस झाला तो १९६४ मध्ये. शांतिसेनेच्या खर्चाचा वाटा सोव्हिएत संघ आणि फ्रान्स यांनी थकवला होता. दोन वर्षांहून अधिक थकबाकी असलेल्या देशाचा मताधिकार सनदेनुसार जातो, तेव्हा तो काढून घ्यावा, असा अमेरिकेचा आग्रह होता. म्हणजे कोणत्याही विषयावर मतदान घेतले असते, तर ‘सोव्हिएत संघाला मत आहे का?’ हा प्रश्न उभा राहून संघटनाच फुटण्याची भीती होती. मग मतदानच न घेण्याची युक्ती निघाली. घानाचे अ‍ॅलेक्स क्वेसन-सॅकी मतपत्रिकेविना अध्यक्ष झाले आणि ते एकोणिसावे अधिवेशन जवळजवळ संपूर्णपणे सहमतीच्या आधारावर रेटले गेले.

पाळीचा हिशेब

दरम्यान आफ्रिका आणि आशियातील नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांमुळे सदस्यसंख्या झपाट्याने वाढली आणि ‘आमची पाळी कधी?’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. १९६३ च्या ठरावाने आणि नंतर १९७८ च्या ठरावाने पदांची विभागणी प्रादेशिक गटांनुसार पक्की झाली. आफ्रिका, आशिया-प्रशांत, पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन, आणि पश्चिम युरोप व इतर असे हे पाच गट. ‘इतर’ या शब्दात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा असे भूगोलाने दूरचे, पण राजकारणाने जवळचे देश येतात. इस्रायललाही २००० पासून याच गटात स्थान मिळाले, कारण आशियाई गटात त्याला कोणी घेईना.

क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे. ज्या वर्षाच्या शेवटी १ किंवा ६ हा अंक येतो, ते वर्ष आशिया-प्रशांतचे. २ आणि ७ पूर्व युरोपचे, ३ आणि ८ लॅटिन अमेरिका व कॅरिबियनचे, ४ आणि ९ आफ्रिकेचे, ५ आणि ० पश्चिम युरोप व इतरांचे. त्यानुसार २०२१ मध्ये मालदीव, २०२२ मध्ये हंगेरी, २०२३ मध्ये त्रिनिदाद व टोबॅगो, २०२४ मध्ये कॅमेरून आणि २०२५ मध्ये जर्मनी, अशी खुर्ची फिरत गेली. महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. फरक इतकाच की येथे सोडत नाही, वेळापत्रक आहे.

हे वेळापत्रक सर्वांना सारखे न्याय्य आहे काय? आफ्रिकेच्या गटात ५४ देश आहेत आणि पूर्व युरोपच्या गटात २३; तरी दोघांनाही पाच वर्षांतून एकदाच संधी. शिवाय पूर्व युरोप हा गटच मुळी शीतयुद्धाच्या नकाशावर आखलेला. आज त्यातील अनेक देश युरोपीय संघाचे सदस्य आहेत. पण गट मोडला तर पाळीही जाईल, म्हणून तो टिकून आहे.

दुसरा संकेत कोठेही नियम म्हणून लिहिलेला नाही, तरी तो आजवर कोणी मोडलेला नाही. सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी कोणीही आमसभेचा अध्यक्ष होत नाही. ज्यांच्या हाती नकाराधिकार आहे त्यांनी निदान ही एक खुर्ची इतरांसाठी सोडावी, हा त्यामागचा विचार. अर्थात बड्यांनी सर्वच सोडलेले नाही. अध्यक्षांच्या जोडीला २१ उपाध्यक्ष असतात आणि त्यांत या पाचही देशांची जागा दरवर्षी राखीव असते. उपाध्यक्ष, सहा मुख्य समित्यांचे प्रमुख आणि स्वतः अध्यक्ष मिळून जी सर्वसाधारण समिती बनते, ती अधिवेशनाच्या विषयपत्रिकेबाबत शिफारस करते. त्यामुळे खुर्ची नसली तरी टेबलाशी ते असतातच.

प्रत्यक्ष निवड गटातच होते. इच्छुक देश कित्येक वर्षे आधी आपले नाव नोंदवून ठेवतो. मग सुरू होतो देवघेवीचा व्यवहार. ‘तुम्ही आम्हाला येथे पाठिंबा द्या, आम्ही तुम्हाला सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेसाठी देऊ’ अशी पत्रे दूतावासांतून फिरतात. एखादा देश माघार घेतो, एखाद्याला पुढच्या पाळीचे आश्वासन मिळते. आफ्रिकेचे देश आफ्रिकी महासंघाच्या पातळीवर हा प्रश्न मिटवतात, म्हणून तेथे लढती विरळा. गटाने एकच नाव दिले आणि कोणत्याही देशाने आग्रह धरला नाही, तर गुप्त मतदानाची तरतूद नियमात असूनही मतपत्रिका वाटल्याच जात नाहीत.

आशिया-प्रशांत गटाची गोष्ट निराळी. पश्चिम आशियापासून दक्षिण पॅसिफिकपर्यंत पसरलेल्या या गटातील देशांना एकत्र बांधणारे काहीच नाही. म्हणून गाजलेल्या लढती बहुतेक याच पाळीत झाल्या. १९८१ ची चिठ्ठी त्यातलीच. १९९१ मध्ये सौदी अरेबियाचे सामीर शिहाबी यांनी ८३ मते मिळवून पापुआ न्यू गिनीचे मायकेल सोमारे (४७) आणि येमेनचे अब्दल्ला अल-अश्तल (२०) यांना पहिल्याच फेरीत मागे टाकले. पॅसिफिकमधील बेटांना पहिला अध्यक्ष मिळायला २०१६ उजाडले. फिजीचे पीटर थॉमसन यांना ९४ आणि सायप्रसचे आंद्रेआस मावरोयानिस यांना ९० मते पडली. दोनच देशांनी मन बदलले असते तर बरोबरी झाली असती आणि पुन्हा चिठ्ठीच्या दिशेने वाटचाल सुरू झाली असती. समुद्राची पातळी वाढल्याने ज्यांच्या पायाखालची जमीनच धोक्यात आली आहे, अशा देशांचा प्रतिनिधी त्या वर्षी व्यासपीठावर बसला. आणि जून २०१७ मध्ये महासागरांवरील पहिली संयुक्त राष्ट्र परिषद त्याच्याच कारकिर्दीत भरली. चार मतांचे मोल असे असते.

२०२१ ची लढत दिल्लीसाठी अवघड होती. मालदीवचे परराष्ट्रमंत्री अब्दुल्ला शाहिद आणि अफगाणिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री झल्माय रसूल हे दोघेही भारताच्या मित्रदेशांचे. भारताने मालदीवला पाठिंबा आधीच जाहीर केलेला होता व तो पाळला. जून २०२१ मध्ये शाहिद १४३ विरुद्ध ४८ मतांनी निवडून आले आणि भारताचे मुत्सद्दी नागराज नायडू यांना त्यांनी आपल्या कार्यालयाचे प्रमुख नेमले. रसूल ज्या सरकारचे उमेदवार होते, ते दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, काबूलमध्ये कोसळले. मतांचे पारडे उलटे पडले असते तर आमसभेच्या अध्यक्षामागे त्याचे सरकारच नाही, अशी विचित्र स्थिती उभी राहिली असती.

एकमेव उमेदवार असतानाही मतदान मागितले जाते, आणि तेव्हा त्यामागे नाराजी असते. २०२५ मध्ये जर्मनीने आधी अनुभवी मुत्सद्दी हेल्गा श्मिड यांचे नाव दिले होते. मार्चमध्ये ते बदलून तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री अ‍ॅनालेना बेअरबॉक यांना उमेदवारी दिली. युक्रेन युद्धात रशियावर कठोर टीका करणाऱ्या बेअरबॉक रशियाला मान्य नव्हत्या. रशियाने गुप्त मतदानाची मागणी केली. बेअरबॉक यांना १६७ मते मिळाली, १४ देश तटस्थ राहिले आणि सात जणांनी चक्क मतपत्रिकेवर श्मिड यांचे नाव लिहिले, ज्या उमेदवारच नव्हत्या! निकाल बदलला नाही, पण नाराजीची नोंद झाली. बेअरबॉक या पदावर आलेल्या पाचव्या महिला. पंडित, लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स (१९६९), बहारीनच्या शेखा हया राशिद अल खलिफा (२००६) आणि इक्वेडोरच्या मारिया फर्नांडा एस्पिनोसा (२०१८) या आधीच्या चार. आठ दशकांत पाच, हा हिशेब पाळी लावताना कोणत्याच गटाने फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

खुर्चीत बसून काय करता येते?

एवढी धडपड कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. अध्यक्षाला स्वतःचे मत नसते. त्याच्या देशाचे मत शिष्टमंडळातील दुसरा सदस्य देतो. सभेचे कामकाज चालवणे, वक्त्यांना क्रमाने बोलावणे, हरकतींवर निर्णय देणे हे त्याचे काम, आणि तो निर्णयही सभेला बहुमताने फिरवता येतो. आमसभेचे ठराव, अंदाजपत्रकासारखे विषय वगळता, बंधनकारक नसतात. मग उरते ते काय?

उत्तर १९७४ मध्ये मिळाले. अल्जीरियाचे तरुण परराष्ट्रमंत्री अब्देलअझीझ बुतेफ्लिका तेव्हा अध्यक्ष होते. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला संघटनेतून काढण्याचा प्रस्ताव सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी नकाराधिकाराने हाणून पाडला होता. तिकडे आमसभा त्या देशाच्या प्रतिनिधींची अधिकारपत्रे सतत फेटाळत होती, पण प्रतिनिधी सभागृहात बसतच होते. १२ नोव्हेंबर रोजी बुतेफ्लिका यांनी निर्णय दिला की अधिकारपत्रे नाकारली याचा अर्थ शिष्टमंडळाला कामकाजात भागच घेता येणार नाही. अमेरिकेने हरकत घेतली. मतदान झाले आणि ९१ विरुद्ध २२ मतांनी अध्यक्षांचा निर्णय कायम राहिला. १९ देश तटस्थ राहिले. दुसऱ्याच दिवशी त्याच व्यासपीठावरून यासर अराफत बोलले. पाच महासत्तांपैकी तिघांनी एका दाराला लावलेली कडी दुसऱ्या दाराने निघाली, ती एका निर्णयामुळे. हा निर्णय कायद्याला धरून होता की नाही, यावर तज्ज्ञांचे मतभेद आहेत. परिणाम मात्र निर्विवाद होता.

अध्यक्ष स्वतःच्या अधिकारात विशेष चर्चा घडवून आणू शकतो, हेही एक अस्त्रच. २०१२ मध्ये सर्बियाचे वुक येरेमिच लिथुआनियाचे दालियुस चेकुओलिस यांना ९९ विरुद्ध ८५ मतांनी हरवून निवडून आले. पुढच्या वर्षी त्यांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायावर चर्चा ठेवली. सर्बियाची युगोस्लाव्ह युद्धगुन्हे न्यायालयावरील जुनी नाराजी सर्वांना ठाऊक होती. अमेरिकेने त्या चर्चेवर बहिष्कार टाकला.

पदाची दुबळी बाजू आहे ती पैशाची. अध्यक्षाला संयुक्त राष्ट्रसंघ वेतन देत नाही; ते त्याच्या सरकारने द्यायचे. कार्यालयाचा पुष्कळसा भारही देणग्या आणि इतर देशांनी उसने दिलेले कर्मचारी यांवर चालतो. श्रीमंत देशाला हे जड नाही. लाखभर लोकवस्तीच्या बेटाला आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या तपासयंत्रणेने अँटिग्वा व बार्बुडाचे जॉन अ‍ॅश यांना अटक केली. २०१३ मध्ये ते आमसभेचे अध्यक्ष झाले होते. चिनी उद्योजकांकडून दहा लाख डॉलरहून अधिक लाच घेतल्याचा आरोप त्यांच्यावर होता. खटला उभा राहण्यापूर्वीच, जून २०१६ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला, त्यामुळे आरोप सिद्ध झाले नाहीत आणि खोटेही ठरले नाहीत. पण ज्या पद्धतीने ते निवडले गेले होते त्या पद्धतीत ‘हा उमेदवार कसा आहे’ हे तपासणारी पायरीच नव्हती. गटाची पाळी, गटाचे एक नाव, सभागृहात टाळ्या, झाली निवड.

त्यानंतर आमसभेने घाईने काही दुरुस्त्या केल्या. २०१६ च्या ठरावाने अध्यक्षाला पदाची शपथ, आचारसंहिता आणि मालमत्तेचे विवरण लागू झाले. शपथ घेणारे थॉमसन पहिले. उमेदवाराने आपल्या कार्यक्रमाचे निवेदन द्यावे आणि सर्व सदस्य देशांच्या प्रश्नांना सामोरे जावे, असाही प्रघात पडला. त्याआधीचा एक बदल अधिक व्यावहारिक होता. पूर्वी निवड अधिवेशनाच्या उद्घाटनाच्या दिवशीच होत असे. २००१ मध्ये अधिवेशन ११ सप्टेंबरला सुरू व्हायचे होते. त्या सकाळी त्याच शहरात जे घडले त्यामुळे ते एक दिवस पुढे गेले आणि दक्षिण कोरियाचे हान सुंग-सू १२ सप्टेंबरला, धुराने काळवंडलेल्या न्यूयॉर्कमध्ये, निवडले जाताच थेट आसनस्थ झाले. २००२ मध्ये नियम बदलला आणि निवड किमान तीन महिने आधी, म्हणजे साधारण जूनमध्ये होऊ लागली. आता नव्या अध्यक्षाला आपली माणसे जमवायला एक उन्हाळा मिळतो.

भारताकडे ही खुर्ची १९५३ नंतर आलेली नाही. सुरक्षा परिषदेतील कायम सदस्यत्व हे दिल्लीचे जुने उद्दिष्ट आहे. ते साध्य झाले, आणि कायम सदस्यांनी आमसभेच्या अध्यक्षपदापासून दूर राहण्याचा संकेतही तसाच चालू राहिला, तर विजयालक्ष्मी पंडित या पदावरील पहिल्या भारतीय राहतील आणि शेवटच्याही.